कोर्लई : फिरंगी गेले, बोली राहिली



भात झोडून झालं, गटांचे हिशेब जुळले, की आमच्याकडे दरवर्षी एकच विचारणा सुरू होते. यंदा सहल कुठे? प्रभाग संघाच्या बैठकीत हा विषय निघाला की कर्जफेडीच्या वेळी पेंगणाऱ्या बायकाही ताठ बसतात. उत्तरं ठरलेली असतात. काशीदचा किनारा, मुरुडचा जंजिरा, येताना अलिबाग. आमचे गट कोलाड-रोहा बाजूच्या, डोंगराकडच्या गावांतले. त्यामुळे समुद्र बघायचा म्हटलं की गाडी तिकडेच वळते.

याच वाटेवर, कुंडलिका नदी समुद्राला मिळते तिथे, कोर्लई नावाचं गाव आहे. आपल्या गावांवरून वाहत गेलेलं पाणी शेवटी या गावाच्या पायाशी खारं होतं. रेवदंड्याकडून साळावचा पूल ओलांडताना उजव्या हाताला डोंगराची एक लांबट सोंड पाण्यात शिरलेली दिसते आणि तिच्या माथ्यावर तटबंदी दिसते. तोच कोर्लईचा किल्ला. बहुतेक गाड्या न थांबता पुढे काशीदला निघून जातात. आम्ही दोन वर्षांमागे तिथे मुद्दाम उतरलो, आणि तेव्हापासून गटांना सांगत असतो की एक दिवस फक्त कोर्लईसाठी ठेवा. तिथे काय आहे, ते तिथे कसं आलं आणि गेल्यावर करायचं काय, हे आज सांगतो.

कोर्लईची गोष्ट समोरच्या किनाऱ्यापासून, म्हणजे चौल-रेवदंड्यापासून सुरू करावी लागते. आज चौल म्हटलं की नारळी-पोफळीच्या वाड्या, देवळं आणि तळी डोळ्यांसमोर येतात. पण दोन हजार वर्षांपूर्वीच्या ग्रीक लेखनात या बंदराचं नाव येतं, आणि कान्हेरीच्या लेण्यांतल्या लेखांतही ‘चेमुल’ म्हणून ते कोरलेलं आहे. पंधराव्या शतकात अफनासी निकितिन नावाचा एक रशियन व्यापारी विकायला एक घोडा घेऊन याच बंदरात उतरला. वास्को द गामा कालिकतला पोचला तो १४९८ मध्ये, म्हणजे हा निकितिन त्याच्याही आधीचा. रेवदंड्यात त्याच्या आठवणीचा स्तंभ उभारलेला आहे. चौलचं रेशमी आणि सुती कापड तेव्हा जहाजांनी दूरदूर जायचं. आणि कापड म्हटलं की विणकराचं नाव घेतलं जातं, पण सूत कातल्याशिवाय, ते गुंडाळल्याशिवाय मागावर काय चढणार? हे काम घरोघरच्या बायकांचं. असो, त्यावर पुन्हा कधीतरी बोलू.

अशा श्रीमंत बंदरावर फिरंग्यांची, म्हणजे पोर्तुगीजांची नजर जाणारच. १५०८ साली चौलच्या समोर त्यांची इजिप्त आणि गुजरातच्या आरमाराशी मोठी लढाई झाली, आणि पोर्तुगीज व्हाइसरॉयचा मुलगा त्यात मारला गेला. पण ते मागे हटले नाहीत. अहमदनगरच्या निजामशहाकडून परवानगी मिळवून त्यांनी १५२१ मध्ये रेवदंड्याला कोट बांधायला घेतला. पुढे हळूहळू त्याच्या आत एक अख्खं शहर उभं राहिलं. रेवदंड्याच्या वाड्यांमधून आजही ते पडकं शहर दिसतं. नारळाच्या झाडांत मध्येच एखादी चर्चची भिंत, मध्येच एक उंच मनोरा. त्या मनोऱ्याला लोक सातखणी म्हणतात.

परवानगी देणाऱ्या निजामशहालाच पुढे हे शहर डोईजड झालं. १५७०-७१ मध्ये मुर्तझा निजामशहाने रेवदंड्याला वेढा घातला, तो फसला. मग १५९४ मध्ये बुऱ्हाण निजामशहाने समोरचा कोर्लईचा डोंगर धरला. तिथे तट बांधले, तोफा चढवल्या. त्याच वर्षी पोर्तुगीजांनी हल्ला करून तो किल्ला घेतला आणि आपल्या पद्धतीने आणखी बळकट केला. पुढे १६८३ मध्ये संभाजी महाराजांच्या फौजांनी चौल घेण्याचा प्रयत्न केला, तेव्हाही हा भाग पोर्तुगीजांकडेच राहिला.

ही सनावळी किल्ल्यावर चढल्यावर आपोआप समजते, म्हणून आधी सांगून टाकली. किल्ल्यावर जायला गावाच्या बाजूने वाट आहे आणि टोकाकडच्या दीपगृहापाशी पायऱ्या आहेत. पाऊण तास धरून चला, कारण आपल्यात गुडघेदुखीवाल्या असतातच. वर गेल्यावर दिसतं की हा किल्ला गोल किंवा चौकोनी नाही. डोंगराच्या पाठीसारखाच लांब आणि अरुंद आहे. एक तट, त्यात दरवाजा, पुढे दुसरा तट, परत दरवाजा. एक दरवाजा पडला तरी पुढच्याशी पुन्हा लढायचं, अशी ती रचना. आत पाण्याचं टाकं आहे, छप्पर उडालेलं चर्च आहे, महादेवाचं छोटं देऊळ आहे, गंजलेल्या तोफा आहेत. चर्च आणि देऊळ इतक्या जवळ आहेत की आमच्या एका ताईंनी दोन्हीकडे चपला काढून हात जोडले आणि पुढे निघाल्या.

वर गेलात की पहिली गोष्ट करा. उत्तरेकडे तोंड करून उभं राहा. समोर खाडीचं मुख, पलीकडे रेवदंड्याचा कोट. इथे तोफ असेल तर त्या शहरात एकही जहाज विचारल्याशिवाय शिरणार नाही. दोन्ही राजवटी या उघड्या डोंगरासाठी का मेल्या, हे पुस्तकात वाचून जे कळत नाही ते तिथे एका मिनिटात कळतं. आमच्यातल्या चौथी शिकलेल्या एका आजींनी बघता बघता म्हटलं, “हे म्हणजे आपल्या गावच्या विहिरीच्या वाटेवर घर असल्यासारखं आहे. कोण पाण्याला गेलं, कोण आलं, सगळं त्या घराला दिसतं.” आम्ही बीएला इतिहास शिकलो, पण इतकं नेमकं कोणी सांगितलं नव्हतं.

पोर्तुगीजांचा उत्तर कोकणातला जोर पुढे दोन कारणांनी ओसरला. पहिलं कारण ऐकून तुम्हाला हसू येईल आणि रागही. १६६१ मध्ये पोर्तुगालची राजकन्या कॅथरीन हिचं इंग्लंडच्या राजाशी लग्न ठरलं, तेव्हा मुंबई बेट हुंड्यात देण्याचा करार झाला. मुलीच्या हुंड्यात मुंबई! इंग्रजांनी मुंबईचं बंदर वाढवलं आणि चौलचा व्यापार, चौलचे कारागीर हळूहळू तिकडे सरकले. दुसरं कारण मराठे. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली, आणि १७४० मध्ये चौल आणि कोर्लईही मराठ्यांकडे आले. पोर्तुगीज सैन्य, अधिकारी, व्यापारी गेले. १८१८ मध्ये मराठ्यांचं राज्य जाऊन इंग्रज आले, १९४७ मध्ये तेही गेले.

बहुतेक सहली इथपर्यंतच येतात. किल्ला बघायचा, दीपगृहापाशी फोटो काढायचा आणि गाडीत बसायचं. पण कोर्लईतला खरा ठेवा खाली गावात आहे, आणि तो बघायचा नसतो, ऐकायचा असतो.

गावात कोळीवाडा आहे आणि ख्रिस्ती वस्ती आहे. माऊंट कार्मेल मातेचं चर्च आहे. या ख्रिस्ती घरांमध्ये एक भाषा बोलतात, जी जगात दुसऱ्या कुठल्याही गावात बोलली जात नाही. बोलणारी माणसं हजाराच्या आसपास. ते तिला ‘नौ लिंग’ म्हणतात. हसू नका बायांनो. पोर्तुगीज भाषेत जिभेला आणि भाषेला लिंग्वा म्हणतात, त्यावरून हा शब्द आला. नौ लिंग म्हणजे आपली भाषा. आमच्याही गाडीत हे नाव ऐकून मागच्या बाकावर बराच वेळ खसखस पिकली होती, म्हणून आधीच सांगून ठेवतो.

ही भाषा कशी जन्मली? फिरंगी सैनिक, त्यांच्याकडे काम करणारी इथली माणसं, धर्म बदललेली कुटुंबं, आणि सैनिकांनी ज्यांच्याशी संसार मांडले त्या इथल्या बायका, या सगळ्यांना एकमेकांशी बोलायचं तर होतं. इथल्या बायकांशी सैनिकांनी लग्नं करावीत, असं धोरण गोव्यात अल्बुकर्कने १५१० नंतर चालवलं होतं. लग्न करून राहिलेल्या अशा माणसांना पोर्तुगीज ‘कझादो’ म्हणत, आणि चौलमध्येही कझादो होते. सगळे संसार राजीखुशीचे होते असं समजायचं कारण नाही. त्या काळच्या पोर्तुगीज घरांमध्ये गुलाम म्हणून आणलेली माणसंही असत, आणि त्यांत बायकाही असत. या बायकांपैकी कुणाला पोर्तुगीज भाषा शाळेत शिकवलेली नव्हती. कानावर पडेल तसे शब्द उचलले, क्रियापदांची अवघड रूपं टाकून दिली आणि काम चालवलं. मग मुलं झाली. त्या मुलांना आईकडून मिळालेली ही जोडतोड हीच पहिली भाषा झाली, आणि मुलांच्या तोंडी ती पक्की झाली. अशा भाषेला अभ्यासक क्रिओल म्हणतात.

तिची गंमत अशी. शब्द बहुतेक पोर्तुगीज, पण वाक्याची बांधणी मराठीसारखी. आपण म्हणतो, “मी पाणी पितो.” पोर्तुगीज माणूस त्याच्या भाषेत “मी पितो पाणी” या क्रमाने बोलतो. कोर्लईच्या भाषेत शब्द तिकडचे, पण क्रियापद आपल्यासारखं शेवटी येऊन बसतं. भांडी परदेशी, पण चूल मांडायची रीत इथली. जे. क्लॅन्सी क्लेमेंट्स नावाच्या अमेरिकेतल्या भाषा-अभ्यासकाने या गावात येऊन वर्षानुवर्षं या भाषेचा अभ्यास केला आणि १९९६ मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं.

एके काळी अशा बोली वसईपासून मुंबई-चौलपर्यंत ठिकठिकाणी होत्या. त्या विरल्या. गुजरातच्या बाजूला दमण आणि दीवमध्ये तशा बोली थोड्या उरल्या, आणि आपल्या महाराष्ट्रात कोर्लईत. ज्या राजाच्या तोफा होत्या तो गेला, ज्या शहरासाठी किल्ला बांधला ते पडलं, आणि २८० वर्षांहून अधिक काळ ही भाषा मात्र घरात बोलली जात राहिली. दरबार नाही, शाळा नाही, छापलेलं पुस्तक नाही. मग ती कुणी टिकवली? आमचं मत स्पष्ट आहे. ज्यांनी मुलांना जोजवलं, जेवायला हाक मारली, विहिरीवर भांडण काढलं, त्यांनी. लढायांच्या कागदांत सरदारांची नावं असतात. या बायकांची नावं तिथे शोधायला गेलात तर हाती काही लागत नाही.

आता यातला एक भाग सांगायला गोड नाही, पण तोही सांगायला हवा. भाषा टिकली ती फक्त प्रेमाने टिकली नाही. अभ्यासक सांगतात की ती एकटेपणामुळेही टिकली. ही कुटुंबं धर्माने आजूबाजूच्यांपेक्षा वेगळी होती, आणि त्यांतली बरीचशी मुळात तथाकथित खालच्या मानलेल्या जातींतून ख्रिस्ती झालेली होती. त्यामुळे इतर गावकऱ्यांशी रोटी-बेटीचा व्यवहार नव्हता. लग्नं आपापसात होत. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला खाडी. रेवदंड्याला जायचं तर होडी. भिंतीच्या आत राहिलेली भाषा भिंतीमुळे वाचली. मग १९८० च्या दशकात खाडीवर पूल झाला, रस्ता आला, एसटी आली. मुलं शाळा-कॉलेजला आणि नोकरीला बाहेर पडली, लग्नं बाहेरच्या गावांत होऊ लागली. शाळा मराठी. चर्चमधली प्रार्थना आधी पोर्तुगीज पाद्रींच्या तोंडून व्हायची, ती १९६० च्या दशकात मराठीत आली, कारण लोकांना समजेल अशा भाषेत उपासना करायची मोकळीक तेव्हा कॅथलिक चर्चने जगभर दिली. बघा कसं असतं. लोकांची भाषा म्हणून मराठी आली, आणि जी घरात बोलायचे ती नौ लिंग तेव्हाही चर्चच्या वेदीपर्यंत पोचली नाही.

एका घराच्या ओट्यावर आम्ही चहाला बसलो होतो. घरातल्या आजी सुनेला आत काहीतरी सांगत होत्या, त्यातलं एक अक्षर आम्हाला कळलं नाही. आमच्याकडे वळल्या आणि आपल्यासारख्याच मराठीत म्हणाल्या, “साखर कमी घालू की नेहमीसारखी?” मग आमच्या एकीने विचारलं, “आजी, नातवंडांशी कुठल्या भाषेत बोलता?” त्या म्हणाल्या, “मी बोलते आमच्यात. ती उत्तर देतात मराठीत. समजतं त्यांना सगळं. पण शाळेत जायचंय, नोकरी करायचीय, त्यांनी काय करावं?” त्या रागाने बोलत नव्हत्या. त्यांना मुलांची अडचण आपल्यापेक्षा चांगली कळत होती.

परत येताना गाडीत यावर वाद झाला. काही जणी म्हणाल्या, सरकारने ही भाषा शाळेत शिकवावी. काही म्हणाल्या, ज्या भाषेत अर्ज करता येत नाही तिचा पोराला उपयोग काय? आमचं म्हणणं असं की भिंत पडली याचं दुःख करायचं कारण नाही. कुणाच्या मुलाबाळांनी आपल्याला ऐकायला मिळावं म्हणून कोंडून राहायचं नसतं. पण पूल ओलांडताना माणसाने आपली भाषा पाण्यात टाकून द्यावी, हेही ठरलेलं नाही. दोन भाषा सांभाळणं त्या आजींना सत्तर वर्षं जमलं आहे. चहाची साखर विचारायची एक, सुनेला सांगायची दुसरी. मुलांनाही ते जमेल, पण त्यांना लाज वाटणार नाही याची काळजी कोणीतरी घ्यायला हवी. ती काळजी शाळेने घ्यावी, पाहुण्यांनीही घ्यावी.

आणि हे फक्त कोर्लईचं नाही. आमच्या गटांमध्ये आगरी बोलणाऱ्या आहेत, ठाकर आहेत, कातकरी आहेत. कातकरी बायका आपसांत कातोडी बोलतात. बैठक सुरू झाली, इतिवृत्ताची वही उघडली, की त्या गप्प. बँकेचे साहेब आले की आणखी गप्प. सहीच्या जागी सही करतात, मान हलवतात. आम्ही अनेक बैठकांमध्ये बघितलं आहे की त्यांच्यातली एखादी, “आमच्यात सांगू का?” असं विचारून सुरू झाली की हिशेबातली चूक ती पटकन दाखवते. म्हणून कोर्लईहून आल्यावर आम्ही एक पद्धत सुरू केली. बैठकीत ज्या बाईला ज्या भाषेत बोलायचं असेल त्या भाषेत ती बोलेल, आणि शेजारची मराठीत सांगेल. वही मराठीतच लिहायची, कारण ती बँकेला दाखवायची असते. बैठक पंधरा मिनिटं लांबते, एवढाच तोटा.

दुसरं एक काम सहलीआधी करून जा, त्यात मजा आहे. आपल्या स्वयंपाकघरात फिरंगी किती आहेत ते मोजा. परात, घमेलं, बादली, पिंप हे शब्द पोर्तुगीजांकडून आले. दाराची चावी आणि बिजागरी त्यांची. केसांची फीत, कपड्यांची इस्त्री, महिन्याचा पगार, मासळीचा लिलाव, घर बांधणारा मिस्त्री, सगळे शब्द त्यांचेच. तुरुंगसुद्धा. बटाटा, काजू, पपई, अननस ही पिकं त्यांनीच अमेरिकेकडून आणली, नावंही तीच राहिली. हापूसचं नाव अफोन्सो या पोर्तुगीज नावावरून पडलं असं मानतात. आणि मिरची! मिरचीही त्यांच्याच जहाजांतून आली. त्याआधी आपल्या पणज्यांच्या पणज्या तिखटासाठी मिरी, पिंपळी आणि आलं वापरत. हे सांगितल्यावर आमच्या गटात पाच मिनिटं कुणाचा विश्वासच बसत नव्हता. ठेच्याशिवाय भाकरी, म्हणजे काय?

म्हणजे शब्द घेण्यात कोर्लईकरांनी काही जगावेगळं केलं नाही. आपण परातीपुरते घेतले, त्यांनी पूर्ण घर भरून घेतले. हे लक्षात ठेवून गेलात तर तिथल्या बाईशी बोलताना तुमच्या तोंडी, “तुमची भाषा मोडकी का?” असा प्रश्न येणार नाही. हा प्रश्न त्यांना इतक्यांदा विचारलेला असतो.

आता प्रत्यक्ष गेल्यावर कसं वागायचं. हल्ली मोबाइल घेऊन येणारे लोक वाटेतल्या माणसाला थांबवून म्हणतात, “तुमच्या भाषेत काहीतरी बोलून दाखवा ना.” हे करू नका. आपल्याला कोणी रस्त्यात थांबवून, “ओवी म्हणून दाखवा,” असं म्हटलं तर कसं वाटेल? आधी ओळख करा. आपण कुठल्या, किती जणी, काय करतो, ते सांगा. आपल्याकडून सांगण्यासारखं पुष्कळ असतं. गट कसा चालतो, व्याज किती लावतो, शेळ्यांच्या कर्जाचं काय झालं. त्यांच्याही गटांच्या अडचणी असतील. बोलणं रंगलं की भाषा आपोआप कानावर पडते. रेकॉर्ड करायचं असेल तर आधी विचारा, आणि नाही म्हटलं तर फोन पिशवीत टाका.

चर्चमध्ये प्रार्थना चालू असेल तर बाहेर थांबा, आत फोटो काढू नका. कोळीवाड्यात सुकी मासळी घ्यायची तर थेट बाईकडून घ्या, आणि घासाघीस आपल्या आठवडी बाजारात करतो तेवढीच करा. वाळत घातलेल्या मासळीच्या मधून चालू नका. हे सांगावं लागतं, कारण शहरातले लोक चालतात.

सकाळी लवकर निघा. आधी किल्ला चढा, कारण अकरानंतर वर सावली नाही. पाणी घरून न्या, वरच्या टाक्यातलं प्यायचं नाही. पावसाळ्यात तटावर शेवाळ असतं आणि वारा जोराचा असतो, तेव्हा नकोच. दिवाळीनंतर ते शिमग्यापर्यंतचे दिवस चांगले. लहान मुलं नेली तर तटाच्या कडेला त्यांचा हात सोडू नका, बऱ्याच ठिकाणी कठडा नाही. उतरून दुपारी गावात बसा, जेवण आधी सांगून ठेवलं तर सोय होते. परतताना रेवदंड्याच्या कोटात अर्धा तास थांबा, म्हणजे सकाळी वरून बघितलेलं शहर आतून बघता येईल. एसटीने जाणार असाल तर अलिबाग-मुरुड गाडी रेवदंड्यावरूनच जाते. परतीची शेवटची गाडी किती वाजता, हे सकाळी उतरतानाच वाहकाला विचारून घ्या. जवळ्याची पिशवी घट्ट बांधा, नाहीतर गाडीतल्या बाकीच्यांची बोलणी खावी लागतील.